झिप केलं तरी फोटोंचं फोल्डर तेवढंच! असं का?

रेघोट्या (धागाकर्ता)

गेले दोन महिने घरातले जुने फोटो स्कॅन करतोय. साडेतीनशेच्या आसपास झाले. काल सगळं फोल्डर भावाला पाठवायचं म्हणून झिप केलं. चारशे एमबीचं फोल्डर झिप झाल्यावर किती झालं असेल? चारशे एमबी. नीट पाहिलं तर एक टक्कासुद्धा कमी झालेलं नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून माझ्या लिखाणाच्या फायली (साधा मराठी मजकूर) तशाच झिप केल्या, तर त्या पाचव्या हिश्श्यावर आल्या.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. त्यातलाच एक फोटो भावाने चॅटवर मला परत पाठवला, तो माझ्या फायलीच्या जेमतेम दहावा हिस्सा होता आणि फोनवर बघताना मला काडीचाही फरक कळला नाही. म्हणजे फोटो लहान होऊ शकतो की! मग झिपलाच का जमत नाही?

आणखी एक. आजीचा एक फोटो संगणकावर खूप मोठा करून पाहिला, तर तिच्या चष्म्याच्या काडीभोवती मुंग्या लागल्यासारखं दिसतंय. हा माझ्याच स्कॅनमधला प्रकार आहे, भावाने पाठवलेल्या फोटोतला नव्हे. कागदावरच्या फोटोत मुंग्या नाहीत, भिंग लावून पाहिलं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गणित चालेल, पण बेताने.

सावकाश

वाचतोय. मलाही हाच प्रश्न होता, विचारायची लाज वाटत होती.

बिनतारी

तुमचं काही चुकलेलं नाही. स्कॅनरने फोटोची जेपीईजी फाइल केली तेव्हाच तो पिळून झाला होता. झिप आता कोरडं फडकं पिळतंय.

झिप काय करतं ते आधी बघू. त्याच्याकडे दोन युक्त्या आहेत. एकदा येऊन गेलेलं परत आलं की ते पुन्हा लिहायचं नाही, ‘मागे इतकं अंतर जा आणि तिथून इतकं उचल’ एवढंच लिहायचं. ही अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांची, १९७७ सालची. दुसरी डेव्हिड हफमनची, १९५२ची. जे वारंवार येतं त्याला आखूड खूण द्यायची, क्वचित येतं त्याला लांब.

दुसरी युक्ती आपण सगळे इथे रोज वापरतो. ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’ हे इतक्यांदा टंकावं लागलं की त्याचं ‘पुभाप्र’ झालं. ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’चं तसंच ‘प्रकाटाआ’. कधीतरीच लागणाऱ्या वाक्याचं असं लघुरूप कोणी करत बसत नाही. मात्र वाचणाऱ्याकडेही तीच चोपडी असावी लागते. नवा सभासद ‘प्रकाटाआ म्हणजे काय हो?’ असं विचारतो तेव्हा त्याच्याकडे डीकोडर नसतो, एवढंच.

तुमचा मजकूर इतका आटला, त्यात थोडा वाटा देवनागरीचाही आहे. युटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची रूढ पद्धत) आपल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, वेलांटीला ३ बाइट लागतात. त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. खरी माहिती तिसऱ्यात. इतकं ठरावीक काही दिसलं की झिपला आयतंच कुरण मिळतं.

हफमनची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एमआयटीत रॉबर्ट फानो यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना पर्याय होता, अंतिम परीक्षा द्या नाहीतर एक निबंध लिहा. निबंधाचा प्रश्न होता, सर्वांत काटकसरीच्या खुणा कशा ठरवायच्या. खुद्द फानो आणि माहितीच्या गणिताचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांनी यावर डोकं चालवलं होतं, पण त्यांची रीत दर वेळी सर्वांत आखूड उत्तर देत नसे. हफमनने महिनोन्महिने खटपट केली आणि आता परीक्षेचाच अभ्यास करावा अशा बेताला आला असताना त्याला सुचलं की खुणांचं झाड (कुठल्या फांदीवर कुठली खूण ते दाखवणारं) वरून खाली न वाढवता खालून वर बांधायचं. सर्वांत दुर्मीळ दोघांची जोडी लावा, मग पुढचे दुर्मीळ दोन, असं करत शेंड्यापर्यंत जा. परीक्षा टळली.

शून्यलब्धी

छान. एक भर घालतो. ‘कोणतीही फाइल लहान करतो’ असं म्हणणारं सॉफ्टवेअर दिसलं तर खुशाल हसा. दहा बिटांच्या एकूण फायली १०२४. दहापेक्षा कमी बिटांच्या सगळ्या मोजल्या, अगदी रिकामी फाइलसुद्धा धरली, तर भरतात १०२३. म्हणजे एकीला बसायला जागाच नाही. काही फायली लहान व्हायच्या तर दुसऱ्या काही मोठ्या व्हाव्याच लागतात. झिप त्यातल्या त्यात शहाणं असल्याने ‘जमत नाही, जशीच्या तशी ठेवतो’ एवढी नोंद करून थांबतं.

आणि किती लहान करता येईल याची खालची हद्द शॅननने १९४८ मध्येच आखून ठेवली. पुढे काय येणार हे जितकं ओळखता येतं तितकं ते लिहायची गरज नाही. ‘म्हण’ एवढं वाचलं की पुढे ‘जे’, ‘ून’, ‘तो’ असं काहीतरी येणार हे तुम्हाला माहीत असतं, ‘ढ’ येणार नाही हेही. जे ओळखता आलं नाही तीच माहिती. बाकीचा मजकूर भरताड.

रेघोट्या

कळतंय. पण फोटोतही ओळखता येण्यासारखं भरपूर असतं ना? आकाशाचा एक ठिपका निळा असेल तर शेजारचाही निळाच असणार.

बिनतारी

@रेघोट्या, शाब्बास. पण ‘निळाच’ आणि ‘अगदी तोच निळा’ यात फरक आहे. झिपला हुबेहूब पुनरावृत्ती लागते. आकाशातला एक ठिपका १८३ असतो, शेजारचा १८४, मग १८२. आकडे जवळजवळ सारखे, पण झिपच्या लेखी तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शिवाय सेन्सरचा गोंधळ (नॉइज) प्रत्येक आकड्याच्या शेपटीला चिकटलेला असतो आणि तो कोणालाच ओळखता येत नाही.

पीएनजी (चित्रं साठवायचा दुसरा एक फाइल-प्रकार) यातून अर्धी वाट काढतं. ते आकडा न लिहिता शेजाऱ्याशी असलेला फरक लिहितं. १८३, १८४, १८२ चं होतं १८३, +१, −२. आता सगळीकडे छोटे छोटे आकडे, तेच तेच, म्हणजे झिपच्या युक्त्यांना खाद्य. एक ठिपकाही न गमावता फोटो बऱ्यापैकी लहान होतो. पण दहावा हिस्सा नाही. तिथे जायचं तर काहीतरी फेकावं लागतं.

जेपीईजी (प्रमाण म्हणून १९९२ मध्ये आलं) फेकतं, आणि काय फेकायचं हे आपल्या डोळ्याकडे बघून ठरवतं. आधी रंग. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक फार बारीक कळतो, रंगातला ढोबळ कळतो. म्हणून फोटो लाल-हिरवा-निळा असा न ठेवता एक थर उजेडाचा आणि दोन रंगाचे असा वेगळा करतात आणि रंगाचे थर बहुतेक वेळा आडवे-उभे निम्म्यावर आणतात. इथेच अर्धे आकडे गेले आणि बघणाऱ्याला पत्ता नाही. ही चलाखी संगणकवाल्यांची नाही बरं का. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरलं तेव्हा रंग त्याच कृष्णधवल वाहिनीत कोंबायचे होते, म्हणून तिथेही रंगाला अरुंद जागा दिली होती.

मग प्रत्येक थराचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनात ६४ आकडे. ते ६४ आकडे ६४ ठरावीक नक्ष्यांची बेरीज म्हणून पुन्हा लिहितात. पहिली नक्षी सपाट, म्हणजे चौकोनाची सरासरी. मग हळूच चढणारी, मग एक लाट, दोन लाटा, आणि शेवटी बुद्धिबळाच्या पटासारखी किचकट. याला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. या पायरीत काहीच गमावलेलं नाही, ६४ आकडे देऊन ६४ घेतले. फायदा असा, की खऱ्या फोटोत जवळजवळ सगळा ऐवज पहिल्या काही नक्ष्यांत गोळा होतो.

खरी कात्री पुढे. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागून जवळच्या पूर्णांकावर आणतात. प्रमाणासोबत जो नमुना तक्ता दिलाय त्यात सपाट नक्षीचा भाजक १६ आहे, शेवटच्या किचकट नक्षीचा ९९. समजा सपाट नक्षीचा आकडा ३१०. त्याला १६ ने भागून १९ लिहिले, उघडताना १९ × १६ = ३०४ मिळाले. सहाचा फरक, चालतंय. किचकट नक्षीचा आकडा २४ असेल तर २४ ला ९९ ने भागून शून्य. ती नक्षी त्या चौकोनातून कायमची गेली. चौकोनात असे चाळीस-पन्नास शून्य पडतात, मग नागमोडी वाटेने जाऊन ‘इथून पुढे सगळी शून्यं’ अशी एक खूण टाकली की झालं. उरलेल्याला पुन्हा आपला हफमन.

सेव्ह करताना ‘क्वालिटी’ची जी दांडी सरकवता ना, तिने हे भाजक लहानमोठे होतात. तिचं मुख्य काम तेवढंच.

रेघोट्या

आणि मुंग्या?

बिनतारी

हो, त्या राहिल्याच. पांढऱ्या भिंतीपुढे काळी काडी म्हणजे एकदम तुटलेली कड. असा कडा गुळगुळीत लाटांनी उभा करायला जवळजवळ सगळ्या नक्ष्या लागतात, बारीकसुद्धा. त्यांची वर-खाली एकमेकांना खोडत असते, म्हणून कडेच्या बाहेरची भिंत स्वच्छ दिसते. कात्रीने बारीक नक्ष्या उडवल्या की उरलेल्यांना खोडणारं कोणी राहत नाही आणि त्यांचे तरंग भिंतीवर पसरतात. पण त्या चौकोनापुरतेच! नीट बघा, मुंग्या ८ ठिपक्यांच्या कुंपणात कोंडलेल्या दिसतील. म्हणूनच अक्षरांचे स्क्रीनशॉट जेपीईजीत ठेवू नयेत, अक्षर म्हणजे कडाच कडा.

शून्यलब्धी

हे कोसाइन प्रकरण नासिर अहमद यांचं. बंगळूरला जन्मलेले, पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, असं त्यांनी नंतर लिहिलंय. मग विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासोबत तसंच काम केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापून आला. आज तुमच्या फोनमधल्या फोटो, व्हिडिओ, गाणी यांच्यापैकी कशातही ते गणित किंवा त्याचं भावंड नाही असं सापडणं कठीण.

खडूस

म्हणजे थोडक्यात फसवणूक. मूळ टाकून द्यायचं आणि ‘तुम्हाला कळणार नाही’ म्हणायचं. शिवाय जेपीईजी जितक्यांदा उघडाल तितकी खराब होते, हे कोणीच बोलत नाहीये.

शून्यलब्धी

@खडूस, उघडून खराब होत नाही. पुस्तक वाचून अक्षरं झिजत नाहीत. कॉपी करूनही नाही. उघडून, काही बदलून *पुन्हा जेपीईजीत सेव्ह* केली की कात्री परत चालते. त्यातही सेटिंग तेच असेल आणि चौकोन जागचे हलले नाहीत तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फारसं नुकसान होत नाही, कारण आकडे आधीच भाजकाच्या पटीत बसलेले असतात. वाट लागते ती डावीकडून तीन ठिपके कापले की, किंवा आकार बदलला की. मग नवे चौकोन जुन्या चौकोनांच्या शिवणीवर पडतात. चॅटवरून दहा जणांकडून फिरून आलेला फोटो असा मळकट दिसतो तो यामुळेच, वाटेत त्याचा आकारही अनेकदा बदललेला असतो.

तिसरा_कान

फसवणुकीच्या मुद्द्यावर मीही बोलतो. माझं काम ध्वनिसंकलनाचं. आमच्यात ‘कॉम्प्रेशन’ म्हटलं की भलताच अर्थ होतो: मोठा आवाज दाबून छोट्याच्या जवळ आणणे. त्याने फाइल एक बाइटही लहान होत नाही. एवढा खुलासा करून आपल्या मुद्द्यावर येतो.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन कानांसाठी, १६ बिटांचा आकडा असतो. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. एमपी३ मध्ये १२८ किलोबिट ठेवले तर अकरावा हिस्सा. बाकीचे दहा गेले कुठे?

कान तुम्ही समजता तसा प्रामाणिक साक्षीदार नाही. १००० हर्ट्झचा खणखणीत स्वर वाजत असताना ११०० हर्ट्झवर कोणी हळू गुणगुणलं तर ते ऐकूच येत नाही. झाकलं जातं. मोठा ठोका वाजून गेल्यावर पुढचा सेकंदाचा दहावा-पाचवा भाग कान बारीक आवाजांना बधिर असतो. आणि गंमत म्हणजे ठोक्याच्या *आधीचेही* काही मिलिसेकंद झाकले जातात, कारण मेंदूला मोठ्या आवाजाची बातमी घाईने पोचते. एमपी३चा एन्कोडर (फाइल लहान करून लिहिणारा प्रोग्रॅम) सुमारे २६ मिलिसेकंदांचा तुकडा घेतो, तो ५७६-५७६ पट्ट्यांच्या दोन भागांत फोडतो आणि प्रत्येक ठिकाणी हिशेब मांडतो, की इथे किती खोट घातली तर ती झाकलेली राहील. तो आवाज ‘काढत’ नाही, त्याचे आकडे ढोबळ करतो. वर बिनतारींनी भाजक सांगितले तेच.

फसवणूक म्हणायची तर आधी कानाने आपल्याला फसवलंय.

फसते कुठे तेही सांगतो. कॅस्टनेट म्हणून चिपळ्यांसारखं स्पॅनिश वाद्य आहे. शांतता, आणि एकदम ‘टक्’. ढोबळपणाची खोट त्या अख्ख्या तुकड्यावर सारखी पसरते, म्हणजे ‘टक्’च्या आधीच्या शांततेतही. ठोक्याच्या आधी ‘फस्’ ऐकू येतं. याला प्री-एको म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून एन्कोडर ठोका येताना दिसला की तुकडे आखूड करतो. दुसरी कसोटी उलटी होती. कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग हे एमपी३च्या जनकांपैकी एक. त्यांनी कुठल्याही साथीशिवाय एकट्या बाईने गायलेलं एक गाणं लावून पाहिलं आणि आवाजाची दुर्दशा झाली. साथच नाही तर झाकणार काय? ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून गणित सुधारत गेले.

सावकाश

मग फ्लॅक (गाण्यांचा तो दुसरा फाइल-प्रकार) काय करतं? तिथे काहीच जात नाही म्हणतात.

तिसरा_कान

खरंच जात नाही. मागच्या आकड्यांवरून पुढचा ओळखतं आणि चूक तेवढी लिहितं. म्हणूनच साधारण निम्मं ते दोन तृतीयांश एवढ्यावरच थांबतं. संग्रहासाठी तेच ठेवा. बसमध्ये ऐकायला कशाला हवंय?

घननीळ

माझा भाबडा प्रश्न. फोन होल्डवर टाकल्यावर जे संगीत वाजतं ते पाण्यात बुडाल्यासारखं का येतं? समोरचा माणूस तर नीट ऐकू येतो.

तिसरा_कान

लाखातला प्रश्न! मोबाइलचा कोडेक (आवाज किंवा चित्र लहान करून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची पद्धत) तुमचा आवाज पाठवतच नाही. जुन्या जीएसएमचं उदाहरण घ्या, सेकंदाला १३ किलोबिट. एवढ्यात आवाज मावत नाही. मग तो दर २० मिलिसेकंदांनी जवळजवळ असं कळवतो: ‘घसा या सुरात थरथरतोय, तोंडाची पोकळी या आकाराची आहे, आणि एवढं फुसफुसतंय.’ पलीकडचा फोन त्या वर्णनावरून एक घसा वाजवतो. बोलणाऱ्या माणसाला हे चपखल बसतं. व्हायोलिनच्या ताफ्याला घसा नसतो. तरी बिचारा कोडेक वीस व्हायोलिनं मिळून एका घशात कोंबायचा प्रयत्न करतो, आणि जे निघतं ते तुम्ही होल्डवर ऐकता.

बिनतारी

@तिसरा_कान, दंडवत! हेच मला म्हणायचं होतं पण असं सुचलं नसतं. प्रत्येक कोडेकने एक पैज लावलेली असते: पाठवणारा असा आहे आणि घेणारा तसा. पैज लागली की जादू, हरली की मुंग्या.

व्हिडिओत ही पैज सर्वांत मोठी, कारण रक्कमच मोठी. १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रं: सेकंदाला १८ कोटी ६६ लाख बाइट. मिनिटाला ११ जीबीच्या वर. तुम्ही तोच व्हिडिओ इंटरनेटवर सेकंदाला ५ मेगाबिटमध्ये आरामात बघता, म्हणजे जवळजवळ ३००वा हिस्सा. नुसत्या जेपीईजीने हे व्हायचं नाही.

इथे ओळखायचं ते पुढचं *चित्र*. बातम्या देणारी बाई बसलीय, मागचा पडदा हलत नाही. मग पुढच्या फ्रेममध्ये पडद्याच्या चौकोनांसाठी ‘मागचंच’ एवढं एक अक्षर. डोकं वळलं तर ‘मागच्या फ्रेममधला हा तुकडा सव्वातीन ठिपके डावीकडे सरकव’. हो, सव्वातीन. एच.२६४ या व्हिडिओच्या प्रमाणात (२००३) पाव ठिपक्यापर्यंत सरकवता येतं. सरकवून जे जमलं नाही तो फरक तेवढा कोसाइनच्या कात्रीतून काढून पाठवायचा. पूर्ण चित्र अधूनमधूनच, काही सेकंदांनी एक. तुम्ही व्हिडिओ पुढे ढकलता आणि तो तुमच्या बोटाच्या जागी न थांबता जरा अलीकडे उडी मारतो, ते अशा पूर्ण चित्राच्या शोधात.

काही फ्रेम मागच्या *आणि पुढच्या* दोन्ही चित्रांवरून ओळखतात. म्हणजे पुढची फ्रेम आधी पाठवावी लागते, फायलीतला क्रम आणि पडद्यावरचा क्रम वेगळा. व्हिडिओ कॉलमध्ये हे सहसा वापरत नाहीत, पुढची फ्रेम अजून घडलेलीच नसते आणि तिच्यासाठी थांबलं तर बोलण्यात खोळंबा होतो.

आता पैज कुठे हरते? बर्फ पडताना. समुद्राच्या लाटांत. मैदानावर कागदाचे कपटे उधळले की. प्रत्येक कपटा आपापल्या वाटेने जातो, मागचं काही पुढे चालत नाही, सगळ्या फ्रेम नव्याने लिहायच्या आणि बिट मात्र तेवढेच. तुम्हाला वाटतं नेट गेलं. नेट ठीक असतं.

आणि जुन्या फिल्मचे दाणे. दाणा म्हणजे निव्वळ यादृच्छिक ठिपके, शॅननच्या भाषेत शंभर टक्के माहिती, आणि बघणाऱ्याच्या दृष्टीने शून्य. तरी दाणे पुसले तर चित्र प्लॅस्टिकसारखं दिसतं. २०१८च्या एव्ही१ या व्हिडिओ-प्रमाणात यावर सोय आहे: दाणे आधी पुसून टाका, ‘एवढे मोठे, इतके गडद’ असं वर्णन पाठवा, पलीकडे नवे दाणे पेरले जातील. एकही दाणा मूळचा नाही. मला हे आवडतं आणि खटकतंही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. ही प्रमाणं फक्त फाइल *उघडायची* कशी ते ठरवतात. करायची कशी, ते ज्याचं त्याने बघावं. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा प्लेअर आजच्या हुशार एन्कोडरने केलेली त्याच प्रमाणातली फाइल बिनबोभाट वाजवतो. आमची सगळी रोजीरोटी त्या फटीत आहे.

खडूस

ठीक आहे, कान-डोळ्याचं मान्य. पण कागदपत्रांचं काय? तिथेही ‘जवळजवळ तेच’ चालवून घ्यायचं का?

शून्यलब्धी

@खडूस, या वेळी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या हे लक्षात आलं. एका इमारतीचा आराखडा कार्यालयातल्या यंत्रावर स्कॅन केला, तर तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच आलं, १४.१३ चौरस मीटर. मूळ कागदावर तिन्ही आकडे वेगळे. दुसऱ्या कागदांत ६ चे ८ झाले होते. आणि धूसर वगैरे नाही, अगदी सुबक ८.

यंत्र जेबिग२ ही पद्धत वापरत होतं. पानावरचे सारखे दिसणारे ठसे शोधायचे, एकच साठवायचा आणि बाकीच्या ठिकाणी ‘तोच ठसा’ लिहायचं. बारीक टंकातला ६ आणि ८ त्याला ‘पुरेसे सारखे’ वाटले. जेपीईजी चुकली की मुंग्या दिसतात, निदान संशय तरी येतो. इथे चूक स्वच्छ अक्षरात येते. माझ्या मते यापेक्षा वाईट प्रकारे कोडेक चुकूच शकत नाही. आता चेहऱ्याचे तपशील ‘भरून’ देणारे नवे एआय कोडेक येतायत, त्यांच्याबद्दल ऐकलं की मला तो १४.१३ आठवतो.

घननीळ

अवांतर: फोटोतला अंधार उजळवला की चौकोन चौकोन दिसतात, तेही हेच का?

बिनतारी

हेच. अंधारात तुम्ही बघणार नाही असं गृहीत धरून तिथे कात्री चालवलेली असते. तुम्ही दिवा लावलात. @रेघोट्या, तुम्ही फोटो स्कॅन करून नुसते बघणार आहात की त्यांची डागडुजीही करणार आहात? डागडुजी करायची असेल तर तुम्ही कोडेकला अपेक्षित असलेला प्रेक्षक नाही. टिफ किंवा पीएनजीत स्कॅन करा, वाटायला जेपीईजी वेगळी काढा.

रेघोट्या

सर्वांचे आभार. आज स्कॅनरच्या खिडकीत शिरून बघितलं. ‘लहान फाइल’ अशा एका चौकटीत खूण होती. मी केलेली नाही, आधीपासूनच असणार. दोन महिने!

आजीचा फोटो ६०० डीपीआयवर टिफमध्ये पुन्हा केला. २६ एमबी. मुंग्या गेल्या. काडी आणि काच जिथे जुळते तिथे दोरा गुंडाळलेला आहे. आधीच्या स्कॅनमध्ये तिथे नुसती वळवळ होती, आणि मी ती डागडुजीत पुसून टाकायच्या बेतात होतो.

शून्यलब्धी

आता तो टिफ झिप करून बघा. आणि पीएनजीही.

रेघोट्या

झिप २१. पीएनजी १७. शेजाऱ्याशी फरक, कळलं.

उरले साडेतीनशे. एकेकाला चार मिनिटं लागतायत.

सावकाश

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि माझ्या स्कॅनरची खिडकी उघडायला निघालो.